साळवेसाहेबांचे किलोमीटर

साळवेसाहेबांना स्कूटर चालवता येत नव्हती. सायकलही येत नव्हती. वर्तकनगरहून वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत ते रोज चालत येत आणि दाराशी बूट रुमालाने पुसून मगच अकाउंट्सच्या खोलीत पाऊल टाकत. असा हा माणूस आमच्या सगळ्या मेकॅनिकांच्या स्कूटरी कुठे गेल्या, कशासाठी गेल्या आणि किती फिरल्या याचा हिशोब ठेवत होता. यात काही विनोद आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. आम्हाला वाटायचं, पण त्यांच्यासमोर हसायची कुणाची छाती नव्हती.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. डोंबिवलीहून यायचे. कंपनी हवेचे कॉम्प्रेसर बनवायची. कुणाचा कॉम्प्रेसर बंद पडला की आमचा मेकॅनिक स्वतःच्या स्कूटरला हत्यारांची पेटी बांधून निघायचा, कधी अंबरनाथला, कधी भिवंडीला, कधी तळोज्याला. पेट्रोलचे पैसे कंपनी किलोमीटरवर द्यायची. त्यासाठी शनिवारी मेकॅनिक आपापल्या चिठ्ठ्या घेऊन साळवेसाहेबांच्या टेबलापुढे उभे राहायचे. कॉलेजात मी तोंडी परीक्षा पाहिल्या होत्या, पण एवढी शांतता तिथेही नसे.

नवा माणूस आला की साहेब त्याला समोर बसवून एकदाच समजावत. आवाज चढवत नसत, पण पुन्हा सांगतही नसत.

"हे पैसे म्हणजे तुमचं उत्पन्न नव्हे. कंपनीच्या कामासाठी तुमच्या खिशातून गेले, ते कंपनीने परत दिले. परत आलेल्या पैशावर कर नसतो. पण घर ते कंपनी हा प्रवास तुमचा. तो यात घातलात तर तो पगार झाला, आणि पगारावर कर बसतो. कळलं?"

कळलं नसलं तरी माणूस मान हलवायचा.

"हे कशात बसतं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. कुठलाही खर्च पुढे आला की तो पगारात, प्रवासात की किरकोळीत, हे ठरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बुद्धपौर्णिमेला ते घरून मोठा डबा भरून खीर आणत आणि सगळ्या ऑफिसला स्वतः वाटत. एका वर्षी मी वाटी हातात घेऊन विचारलं, "साहेब, ही कशात बसते?" ते क्षणभर गंभीरपणे विचार करत राहिले. मग म्हणाले, "राणेबाई, ही बसत नाही कशात. खा." त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

आमच्या सेल्स मॅनेजरने एकदा रविवारची लोणावळ्याची फेरी लावली होती. कारण लिहिलं होतं, ग्राहकाची भेट. साहेबांनी त्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं. मॅनेजर माणूस, हुद्द्याने यांच्या वरचा, पण आला.

"गाडीत कोण कोण होतं?"

"फॅमिली होती हो. पण भेट झाली ना पार्टीची."

साहेबांनी लाल पेनाने त्या ओळीपुढे 'सहकुटुंब' असं लिहिलं आणि ती रक्कम मॅनेजरच्या करपात्र पगारात टाकली. मॅनेजरने वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. मुळातच साहेब कामापलीकडे बोलत नसल्यामुळे हे त्यांच्या लक्षात यायला बरेच महिने गेले असावेत.

ही शिस्त कुठून आली, ते एकदा त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्यांचे वडील एका गिरणीत झाडलोट करायचे. एक दिवस गिरणीच्या मॅनेजरने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला. तो राजीनामा होता. तेव्हापासून घरात नियम झाला, की न वाचलेल्या कागदावर कुणी सही करायची नाही आणि खोट्या कागदावर तर नाहीच. साहेब रात्रशाळेतून शिकले, बी.कॉम. झाले, आणि कागदाला घाबरणाऱ्या घरातला हा मुलगा कागदाचाच माणूस झाला. मला हे ऐकून गलबलून आलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते हात धुवायला गेले.

अशा माणसावर मेकॅनिकांचा विश्वास असणं साहजिक होतं. त्या विश्वासानेच पुढचं सगळं झालं.

पगारवाढीची बोलणी सुरू होती. शेठ पगार वाढवायला तयार नव्हते. पगार वाढवला की त्यावर फंड आला, ग्रॅच्युइटी आली, बोनस आला. त्यांनी वेगळीच वाट काढली. पगार आहे तेवढाच ठेवू, त्याऐवजी प्रत्येक मेकॅनिकला दरमहा ठरलेला वाहनभत्ता देऊ. त्याने महिन्याला एका छापील दाखल्यावर सही करायची, की ही सगळी रक्कम मी कंपनीच्या कामासाठी गाडीवर खर्च केली. मग कर नाही, कपात नाही, पूर्ण रक्कम हातात. गाडीवर तेवढा खर्च होत नाही हे शेठना ठाऊक होतं, मेकॅनिकांना ठाऊक होतं, आणि साहेबांना तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

मेकॅनिकांनी आपल्यातर्फे तांडेलला साहेबांकडे पाठवलं.

तांडेल ठाण्याच्या कोळीवाड्यातला. उंच, आडव्या खांद्यांचा, आणि आवाज असा की कारखान्यातली मशिनं चालू असतानाही ऐकू यावा. घरचं होडीचं काम त्याच्या भावांनी सांभाळलं आणि हा मशिनांच्या नादाला लागला. नारळी पौर्णिमेच्या सणाची गावची वर्गणी त्याच्याकडे असायची. सण झाला की तो देवळापुढे उभा राहून पै-पैचा हिशोब मोठ्याने वाचून दाखवायचा. कोळीवाड्यात त्याला मान होता तो या हिशोबामुळे.

"साहेब, घेऊ की नको? तुम्ही बोला, बस. तुम्ही सांगाल ते फायनल," तांडेल म्हणाला.

मी शेजारच्या टेबलाशी टाइप करत होते. माझे हात थांबले, कारण साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांच्यापुढे कागदावर दोन रकाने होते. एकात पगार वाढला तर हातात काय येईल ते, दुसऱ्यात भत्ता मिळाला तर काय येईल ते. दुसरा रकाना मोठा होता. समोर उभा असलेला माणूस त्यांच्यासारखाच कष्टकऱ्याच्या घरातून वर आलेला होता, आणि शेठ दुसरं काही देणार नव्हते.

"घ्या," साहेब म्हणाले.

दाखल्याचा मजकूर मी टाइप केला. त्या महिन्यापासून तांडेलच्या घरात चार पैसे जास्त जाऊ लागले. त्याची मोठी मुलगी सुनंदा अभ्यासात हुशार होती. तिला नर्सिंगला घालायचं हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं आणि सगळ्या ऑफिसला सांगून टाकलं.

काही वर्षं बरी गेली. मग आयकर खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी दाखल्यांचा गठ्ठा वरवर चाळला आणि म्हणाले, दर महिन्याला प्रत्येकाला तीच रक्कम, आणि ती शेवटच्या पैशापर्यंत खर्च झाली म्हणता, मग फेऱ्या कुठे आहेत? नुसत्या दाखल्याला अर्थ नाही. हा पगारच आहे. कंपनीने त्यावर कर कापायला हवा होता.

मागच्या वर्षांचा कर शेठनी भरला आणि मेकॅनिकांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने वळता केला. कुणी साहेबांना वाकडा शब्द बोललं नाही. उलट तांडेल हसत म्हणाला, "चला साहेब, टॅक्सवाल्याच्या लेखी तरी आमचा पगार वाढला." पण साहेबांनी त्या दिवसांत जेवणाचा डबा आणणं सोडलं. सुट्टीत ते खिडकीपाशी उभे राहत. आपल्या एका शब्दावर या माणसांनी मान डोलावली, हे त्यांना आतून खात होतं.

त्यातून त्यांनी जे केलं ते करायला नको होतं. मी तेव्हाही मनात हेच म्हटलं होतं, पण टायपिस्टला कोण विचारतो! भत्ता करातून सुटायचा तर फेरीफेरीची नोंद हवी होती. म्हणून साहेबांनी मेकॅनिकांना नोंदी करायला शिकवलं. खऱ्या फेऱ्यांत रक्कम भरत नसेल तर न झालेल्या फेऱ्या घालायच्या. महिनाअखेरीला प्रत्येकाने घरी बसून महिनाभराचा प्रवास लिहून काढायचा.

"आकडे गोल लिहू नका," ते सांगत. "तीस लिहू नका, एकतीस लिहा. रस्ता गोल नसतो. एकाच सकाळी भिवंडी आणि तळोजा दाखवू नका. त्या त्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी तपासा."

लाल पेनाने 'सहकुटुंब' लिहिणारा माणूस आता हे शिकवत होता. आवाज तोच, शांत. मेकॅनिकांना सुरुवातीला गंमत वाटली. एकाने तर बदलापूरच्या बंद पडलेल्या कारखान्याला भेट दिली, साहेबांनी ती खोडली आणि त्याला झापलं. पुढच्या तपासणीत नोंदी बिनबोभाट पास झाल्या. कर वाचला. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले. साहेबांनी पेढा घेतला आणि टेबलावरच ठेवला.

तांडेल गेला तो ऐन उन्हाळ्यात. तळोज्याच्या एका कारखान्याचा कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून सकाळीच निघाला होता. शीळफाट्याला वळणावर टँकरने त्याला मागून उडवलं. हत्यारांची पेटी रस्त्यावर फुटली होती आणि पाने चारी बाजूंना पसरले होते, असं आमचा जो माणूस तिथे गेला त्याने सांगितलं. मला ते पाने अजून दिसतात, मी पाहिलेले नसताना.

महिनाअखेर यायची होती, त्यामुळे त्या महिन्याच्या त्याच्या नोंदी कोऱ्याच होत्या. शेवटच्या पगाराबरोबर भत्ता द्यायचा तर निदान त्या शेवटच्या फेरीची नोंद हवी होती. एका दुपारी साहेब बसने शीळफाट्यापर्यंत गेले, उतरले, परत आले, आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली. वागळे इस्टेट ते शीळफाटा. किलोमीटर फक्त जाण्याचे लिहिले. मग ते बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तांडेलची बायको हिराबाई ऑफिसात आली ती दोन मुलींना घेऊन. तिला देण्याच्या तीन गोष्टी होत्या. ग्रॅच्युइटी, फंड आणि कंपनीने उतरवलेला अपघाती विमा. तिन्ही पगारावर अवलंबून, आणि तांडेलचा पगार कागदावर इतकी वर्षं जिथल्या तिथे होता. वाढलं होतं ते सगळं वाहनभत्त्यात, आणि वाहनभत्ता म्हणजे पगार नव्हे. जी रक्कम निघाली ती ऐकून हिराबाई म्हणाली, "येवराच?" सुनंदा बारावीला होती. तिने आईचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मला खाली बघावं लागलं.

साहेब शेठच्या केबिनमध्ये गेले. दार अर्धं उघडं होतं. "आयकराने एकदा याला पगार म्हटलंय," ते सांगत होते. "तुम्हीही मनातून पगारच समजत होता. माणूस मेल्यावर तो खर्च कसा होतो?"

"साळवे, तुम्हीच तर नोंदी ठेवायला लावल्या," शेठ म्हणाले. "त्या बघून खात्याने तो खर्च मान्य केला. आता मी काय खात्याला सांगू, की खोट्या होत्या?"

साहेब बाहेर आले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

हिराबाईच्या दिराने वकील केला आणि प्रकरण ठाण्याच्या कामगार न्यायालयात गेलं. भत्ता हा पगारच होता असं ठरलं, तर तिन्ही रकमा जवळजवळ दुप्पट होणार होत्या. सुनंदाचं नर्सिंग त्यात होत होतं. नाही ठरलं तर तिला बारावीनंतर कामाला लागावं लागणार होतं, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. ठरवणार कोण, तर साळवेसाहेब. नोंदी बनावट होत्या हे शपथेवर सांगू शकेल असा दुसरा कुणी नव्हता. बाकीच्या मेकॅनिकांना नोकरी टिकवायची होती, आणि माझं म्हणजे नुसतं कानावर पडलेलं.

साहेबांनी होकार दिला. नोकरी जाणार हे त्यांना दिसत होतं. "खोटं लिहायला मी शिकवलं, ते मीच सांगायला पाहिजे," एवढंच ते मला म्हणाले. इतक्या वर्षांनी त्या दिवशी त्यांनी डबा आणला होता.

तो दाखला मीच टाइप केला होता असं सांगण्यासाठी मलाही बोलावलं होतं. माझं काम दोन मिनिटांत झालं आणि मी मागे बसले. मागचे बाक कोळीवाड्यातल्या माणसांनी भरले होते. गावातली जाणती मंडळी आली होती, तांडेलचे भाऊ आले होते. हिराबाई पुढे बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. तिच्या वकिलाने तिला इतकंच सांगितलं होतं, की साहेब तुमच्या बाजूने बोलणार आहेत.

साहेब उभे राहिले. सगळं सांगितलं. शेठची वाट, दाखला, तपासणी, मग महिनाअखेरीला घरी बसून लिहिलेल्या फेऱ्या. एकतीस किलोमीटरसुद्धा सांगितले. कंपनीच्या वकिलाने तांडेलच्या नोंदींचा गठ्ठा पुढे ठेवला.

"म्हणजे यावर प्रत्येक महिन्याला मयताची सही आहे, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक सही खोट्या हिशोबावर आहे. म्हणजे मयत वर्षानुवर्षं खोटे हिशोब देत होता. बरोबर?"

मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. एक म्हातारा शेजारच्याच्या कानाशी लागला. हिराबाईने मान वळवून मागे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की ही सगळी माणसं काय ऐकत आहेत. ती उठून उभी राहिली. वकील तिला बसवायला लागला, तिने त्याचा हात झटकला.

"मना बोलायचाय. माजे मानसानं जल्मात खोटी सही नाय केली. गावचा पैसा होता त्याचेकं. येक रुपाया हिकरचा तिकरं नाय झाला. इचारा या लोकांना." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुमाला म्हाईत हाय. सकालचा जायचा, अंधार परल्याव यायचा तो. तुमी सांगा ना. फिरायचा ना तो?"

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं. मग साहेबांकडे बघून विचारलं, "साक्षीदार, ज्या बनावट नोंदी तुम्ही सांगताय त्यात तांडेलच्याही आहेत का? विचार करून उत्तर द्या."

साहेबांनी विचार केला. मी त्यांना इतकी वर्षं शेजारून पाहिलेलं होतं. हिशोब जुळत नसला की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. तो आता फिरत होता. हिराबाई त्यांच्याकडे बघत होती. तिच्या बाजूला सुनंदा ताठ बसली होती.

"इतरांच्या नोंदी खोट्या होत्या," साहेब म्हणाले. "तांडेल खरोखर फिरायचा. त्याच्या नोंदी खऱ्या आहेत."

कंपनीच्या वकिलाने खाली बसून फाइल बंद केली. हिराबाईच्या वकिलाने कपाळाला हात लावला. नोंदी खऱ्या म्हणजे खर्च खरा, खर्च खरा म्हणजे पगार नाही. निकाल पुढच्या तारखेला लागायचा होता, पण लागायचं काही उरलं नव्हतं. मला साहेबांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्याजागी मी असते तर काय केलं असतं हे मला सांगता येईना. आजही येत नाही.

बाहेर न्यायालयाच्या फाटकाशी चहाची टपरी होती. कोळीवाड्यातली माणसं एकेक करून हिराबाईशी बोलून जात होती. मघाचा म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. आपण नक्की काय घालवलं, हे तिला अजून कुणी नीट सांगितलं नव्हतं.

साहेब फाटकातून बाहेर आले तशी सुनंदा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. आवाज खाली ठेवून, आईला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"बाबा नव्हते फिरत तेवढे. महिनाअखेरीला घरी बसून लिहायचे. पेन मीच आणून द्यायचे त्यांना."

"माहीत आहे, बाळ."

"मग का बोललात?"

तेवढ्यात टपरीवरून हिराबाईची हाक आली. "साहेब, या. च्या घेवा." तिने बाकावर पदराने जागा पुसली. "ये गं सुनंदा, साहेबांना इकरं आन."

सुनंदा हलली नाही. साहेब जाऊन हिराबाईच्या शेजारी बसले. तिने कप त्यांच्या हातात दिला आणि तांडेलचं काहीबाही सांगत राहिली. तो पाण्यात कसा सूर मारायचा, देवळापुढे हिशोब वाचताना कसा खाकरायचा. साहेब ऐकत होते. त्यांचा कप भरलेलाच होता. सुनंदा रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या पाठीवरून ती रडते आहे की नाही हे कळत नव्हतं.

पुढच्या महिन्यात शेठनी साहेबांचा राजीनामा मागून घेतला आणि त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत. त्यामुळे मला आठवतात ते त्या बाकावरचे साळवेसाहेब. चहा निवून गेल्यावर त्यांनी तो एका घोटात संपवला आणि पैसे द्यायला खिशात हात घातला. हिराबाईने त्यांचं मनगट धरलं. "आज माजेकरनं," ती म्हणाली, आणि कमरेचा बटवा सोडून तिने सुटे पैसे टपरीवाल्याच्या हातावर मोजले. साहेबांनी तिला देऊ दिले.